पहिल्या पेपरला अकरा महिने का लागले?

मागच्या आठवड्यात लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, एक पेपर लिहायला साधारण किती दिवस लागतात?" मी चहाचा घोट घेत म्हणून टाकलं, "दोन-तीन महिने." रात्री होस्टेलवर आल्यावर मात्र राहवेना. जुनं फोल्डर उघडलं आणि माझ्या पहिल्या पेपरच्या फाइलींच्या तारखा पाहिल्या. पहिली फाइल आणि जर्नलला पाठवलेली फाइल यांच्यात अकरा महिने! मधल्या फाइलींची नावं अशी: 'फायनल', 'फायनल २', 'मॅडम करेक्शन फायनल', 'हीच फायनल' आणि 'हीच फायनल नवीन'. एमएस्सीचा प्रोजेक्ट रिपोर्ट ज्यांनी लिहिलाय त्यांना ही नावं ओळखीची वाटतील.

माझा चौथा पेपर सात आठवड्यांत गेला. मधल्या काळात मी काही विशेष हुशार झालेले नाही, टायपिंगही तेवढंच हळू आहे. मग फरक कशाने पडला हे मी दोन-तीन दिवस कागदावर मांडून बघितलं. तेच आज सांगते. तुम्ही पीएच.डी.ला अजून लागला नसाल, पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, तरी वाचा. यातल्या निम्म्या गोष्टी लिखाण सुरू व्हायच्या आधीच करायच्या असतात आणि मला त्या फार उशिरा कळल्या.

आधी घाई कशाची ते सांगते. नेट-जेआरएफ मिळाली तर फेलोशिप एकूण पाच वर्षं: दोन वर्षं जेआरएफ, पुढची तीन एसआरएफ. जानेवारी २०२३ पासून महिन्याला अनुक्रमे ३७ हजार आणि ४२ हजार रुपये. पाच वर्षं म्हणजे साठ महिने. एक सेमिस्टर कोर्सवर्कमध्ये जातं, मग सिनॉप्सिस, मग समितीपुढे सादरीकरण. माझ्यासारखं फील्डवर्क असेल तर ऋतूंची वाट बघावी लागते, पावसाळा आपल्यासाठी लवकर येत नाही. हे सगळं वजा करून जे महिने उरतात त्यातले अकरा एकाच पेपरला गेले, तर प्रबंध कधी लिहायचा? यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने 'प्रबंध देण्याआधी पेपर छापलेला हवाच' ही अट काढली हे खरं. पण पुढे पोस्टडॉक किंवा नोकरीला अर्ज केला की पहिला प्रश्न पब्लिकेशनचाच येतो. त्यामुळे अट गेली म्हणून निवांत बसू नका.

माझं दुखणं मात्र आणखी वेगळं होतं. माझं काम भूजलातल्या फ्लोराइडवर आहे. विदर्भातल्या एका तालुक्यात मी उघड्या विहिरी आणि त्यांच्या जवळचेच बोअर यांचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासलं. एकाच गावात, शे-दोनशे पावलांच्या अंतरावर, विहिरीत फ्लोराइड कमी आणि बोअरमध्ये जास्त, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं. हा माझ्या पहिल्या पेपरचा जीव होता. माझी फाइल 'फायनल २' या अवस्थेत पडून असताना शेजारच्या जिल्ह्यातली हीच तुलना दुसऱ्या एका गटाने छापली. त्यांनी काही चोरलं नव्हतं, त्यांचं काम स्वतंत्र होतं आणि चांगलं होतं. फक्त त्यांनी लिहून पूर्ण केलं आणि मी नाही केलं. माझ्या पेपरमध्ये जिथे 'आम्हाला असं आढळलं' होतं तिथे 'आम्हालाही असं आढळलं' लिहावं लागलं. एक 'ही' वाढला. तो अजून टोचतो.

बरं, वेळ गेला कुठे? माझा तो पेपर साधारण साडेचार हजार शब्दांचा. मी मिनिटाला वीस शब्द टाइप करते, म्हणजे कासवच. तरीही हिशोब केला तर २२५ मिनिटं होतात, चार तासांच्या आत. फेरलिखाण धरून पाचपट वेळ लावा, तरी वीस तास. म्हणजे अकरा महिने बोटांनी खाल्लेले नाहीत.

लॅबच्या डायरीतल्या नोंदी बघितल्यावर कळलं की मी दर वेळी फाइल उघडायचे, पहिल्या ओळीपासून वाचायला लागायचे, पहिला परिच्छेद आवडायचा नाही, तो नीट करायचे. मग एखादं वाक्य लिहिताना वाटायचं की इथे संदर्भ पाहिजे. तो शोधायला जायचे, त्यात दोन पेपर उघडायचे, त्यातला एक वाचत बसायचे. जेवणाची वेळ व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून. पहिल्या परिच्छेदावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आणि शेवटी मॅडमनी तोच अख्खा काढून टाकला. 'पाणी ही सजीवांची मूलभूत गरज आहे' या अर्थाचं काहीतरी होतं त्यात. भूजलावरच्या पेपरांची सुरुवात अशीच होते, तुम्ही चार उघडून बघा.

कढईत तेल तापलंय आणि आपण कांदा आणायला दुकानात चाललोय, आल्यावर लक्षात येतं की मोहरीच संपलीय, पुन्हा दुकानात. अशाने पोह्यांनाही तीन तास लागतात. मी पेपर लिहिताना हेच करत होते. काय म्हणायचंय हे ठरवणं, ते कागदावर उतरवणं आणि उतरवलेलं दुरुस्त करणं, ही तीन कामं आहेत. मी तिन्ही एकाच वाक्यात, एकाच वेळी करायला जात होते. ती वेगळी केली आणि तिथेच बराचसा वेळ वाचला.

आधी एक वाक्य

सुरुवात ठरवण्यापासून. मी आता फाइल उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहिते, मराठीत. पहिल्या पेपरच्या वेळी मला कुणी विचारलं असतं की तुझा पेपर काय सांगतो, तर मी म्हटलं असतं, "अमुक तालुक्यातील भूजल गुणवत्तेचा अभ्यास." हे वाक्यच नाही हो, पाटी आहे. त्यातून काय आधी लिहायचं, काय गाळायचं, काहीच ठरत नाही. म्हणून मी माझ्याकडचं सगळं भरत गेले: नायट्रेट, क्षारता, सिंचनाची योग्यता, जे मोजलं ते सगळं.

वाक्य असं हवं: "या भागात उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे, कारण खोलवरचं पाणी खडकाच्या संपर्कात जास्त काळ राहतं आणि त्यात कॅल्शियम कमी होत जातं." याच्याशी कुणीतरी असहमत होऊ शकतं. कुणी म्हणेल की खडकच वेगळा असेल, कुणी म्हणेल नमुने कमी आहेत. असहमत होता येतं म्हणजे ते वाक्य काहीतरी म्हणतंय. शिवाय ते लिहिल्याबरोबर कळतं की नायट्रेटचा तक्ता इथे नको, कॅल्शियम आणि फ्लोराइडचा आलेख हवाच हवा, आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५, हे कुठेतरी सांगावं लागेल. हे एक वाक्य जमायला मला चौथ्या पेपरच्या वेळी पाच दिवस लागले. पाच दिवसांत एक वाक्य! पण ते दिवस पुढे वसूल झाले.

वाक्य झालं की आकृत्या. आलेख, नकाशा, तक्ते यांच्या कच्च्या प्रिंट काढायच्या आणि होस्टेलच्या कॉटवर पसरायच्या. त्यांचा क्रम लावायचा. प्रत्येकीखाली पेन्सिलीने लिहायचं की हिच्यातून वाचणाऱ्याला काय कळलं पाहिजे. जिच्याखाली काही लिहिता येत नाही ती बाहेर. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी २००४ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स' या जर्नलमध्ये पेपर कसा लिहावा यावर तीनच पानांचा लेख लिहिला होता. तो मिळवून वाचाच. त्यांचं म्हणणं असं की पेपरचा आराखडा प्रयोग संपल्यावर करायची गोष्ट नाही, काम चालू असतानाच तो करायचा, कारण कुठला प्रयोग अजून राहिलाय हे त्यातूनच दिसतं. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तुमच्यासाठी हा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी हा लेख पहिल्या वर्षी वाचला असता तर उन्हाळ्यातल्या फेरीत बोअरच्या खोलीची माहिती नीट विचारून घेतली असती. नंतर फक्त 'खोली किती?' एवढं विचारायला चार गावं पुन्हा फिरावी लागली, तीही मे महिन्यात.

मग एक पान तयार करायचं: वर ते वाक्य, खाली आकृत्यांचा क्रम आणि प्रत्येकीची एक ओळ, आणि कुठल्या जर्नलला पाठवायचं त्याचं नाव. जर्नल आधीच ठरवा, कारण शब्दमर्यादा, विभाग, संदर्भांची पद्धत सगळं त्यावर असतं. हे एक पान घेऊन गाईडकडे जा. पहिल्या वेळी मी मॅडमना बावीस पानांचा मसुदा दिला होता. तो सहा आठवड्यांनी परत आला. त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांच्याकडे आणखी पाच विद्यार्थी, लेक्चर, परीक्षांचे पेपर. बावीस पानं वाचायला सलग दोन-तीन तास काढावे लागतात आणि ते कुणाकडेच नसतात. चौथ्या वेळी एक पान दिलं. दुपारच्या चहाच्या वेळेतच उत्तर आलं: "चौथी आकृती काढ, ती दुसऱ्या पेपरची आहे." मसुदा लिहून झाल्यावर हे ऐकलं असतं तर महिनाभराचं लिखाण पाण्यात गेलं असतं. गाईडना 'मॅडम, बघितलं का' असं दर दोन दिवसांनी विचारायला आपल्याला संकोच वाटतो. एका पानाला तो प्रसंगच येत नाही.

लिहायचा क्रम आणि वाचायचा क्रम

पेपरचे भाग तुम्हाला माहीत असतील: प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. हा वाचणाऱ्याचा क्रम आहे. लिहिणाऱ्याने तो पाळायलाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. मी प्रस्तावनेपासून सुरू करायचे आणि तिथेच रुतून बसायचे. त्या अकरा महिन्यांतले जवळजवळ साडेतीन महिने प्रस्तावनेतच गेले.

आता मी पद्धत आधी लिहिते, आणि खरं तर फील्डवरच लिहिते. त्या दिवशी कुठून नमुने घेतले, बाटली कशी धुतली, बोअर किती मिनिटं चालू ठेवून मग पाणी घेतलं, हे संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी दहा ओळींत लिहून ठेवायचं. वर्षभराने आठवून लिहायला गेलं की डायरी, फोटो, गाडीवाल्या दादांना फोन, असा अर्धा दिवस जातो. नंतर निष्कर्ष, म्हणजे आकृत्यांखालच्या त्या पेन्सिलच्या ओळी फुलवायच्या. मग चर्चा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, तोवर आपण कशाची प्रस्तावना करतोय हे कळलेलं असतं.

प्रस्तावनेसाठी एक फार उपयोगी गोष्ट सांगते. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने पेपरांच्या प्रस्तावना तपासून त्यांची एक चाल शोधली. १९९० मध्ये आलेल्या त्याच्या 'जॉनर अ‍ॅनालिसिस' या पुस्तकात ती तीन पावलांत मांडलीय. आधी शेत दाखवायचं: हा विषय महत्त्वाचा, लोकांनी यावर हे हे काम केलंय. मग त्या शेतातला पडीक तुकडा दाखवायचा: इतकं झालं पण अमुक राहिलं. मग तो तुकडा आपण कसा कसणार ते सांगायचं. (शेताची उपमा माझी, त्याची जरा वेगळी आहे.) माझ्या पेपरात ते असं बसलं: एक, भारतात अनेक राज्यांत भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे आणि त्यामागची खडक-पाण्याची रसायनशास्त्रीय कारणं बरीच अभ्यासलेली आहेत. दोन, पण एकाच गावातल्या उथळ आणि खोल स्रोतांची जोडीने तुलना कमी झालीय. तीन, आम्ही ती केली. चार परिच्छेदांत प्रस्तावना संपली. 'पाणी म्हणजे जीवन' कुठेच लागलं नाही.

पुढच्या वेळी तुमच्या विषयातले पाच पेपर घ्या आणि फक्त प्रस्तावना वाचून 'पण' कुठे येतो तिथे खूण करा. 'हाउएव्हर' हा शब्द बहुतेक त्याच जागी सापडेल. एका संध्याकाळचं काम आहे, पण प्रस्तावनेची भीती निम्म्याने जाते.

विचार मराठीत, पेपर इंग्रजीत

आता आपलं खरं दुखणं. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावातल्याच मराठी शाळेत शिकले. बीएस्सीपासून पुस्तकं इंग्रजी, पण वर्गात समजावणं मराठीतच. त्यामुळे मला गोष्ट कळते मराठीत आणि लिहावी लागते इंग्रजीत. सुरुवातीला मला वाटायचं की माझा वेग कमी आहे तो इंग्रजीमुळे. पूर्ण खोटं नाही ते. पण नंतर लक्षात आलं की जिथे मी अडायचे तिथे बऱ्याचदा मला मराठीतही नीट सांगता येत नव्हतं. इंग्रजीवर खापर फोडणं सोपं होतं, इतकंच.

म्हणून मी आता हे करते. ज्या भागावर अडले तो मोबाईलवर रेकॉर्ड करत मराठीत बोलते. संध्याकाळी फिरताना, समोर माझी बहीण आहे असं समजून. ती बारावीनंतर कॉमर्सला गेली, तिला फ्लोराइड म्हणजे टूथपेस्ट एवढंच माहीत. "हे बघ, फ्लोराइड खडकातल्या काही खनिजांत असतं. पाणी त्यातून झिरपत खाली जातं तेव्हा ते थोडं थोडं विरघळतं. पण पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. खोल गेल्यावर कॅल्शियम कमी होतं, मग त्याला धरून ठेवणारं कुणी राहत नाही." तीन मिनिटं बोललं की अख्ख्या चर्चेचा सांगाडा मिळतो. कुठे अडखळले ते ऐकू येतं, आणि तिथेच माझं वाचन कमी पडलेलं असतं.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे, नाहीतर घोटाळा होतो. त्या मराठीचं वाक्याला वाक्य असं भाषांतर करायचं नाही. मराठीत आपण सगळी विशेषणं, 'जे-ते', 'ज्यामुळे-त्यामुळे' आधी रचतो आणि क्रियापद शेवटी येतं. तेच इंग्रजीत नेलं की पाच ओळींचं वाक्य तयार होतं आणि त्याचा कर्ता कुठे हरवला ते रिव्ह्यूअरला सापडत नाही. माझ्या पहिल्या पेपरच्या एका रिव्ह्यूअरने सरळ लिहिलं होतं की वाक्यं तीनदा वाचावी लागतात. त्याऐवजी रेकॉर्डिंग ऐकून फक्त मुद्दे लिहायचे, चार-पाच शब्दांचे. रेकॉर्डिंग बंद. मग त्या मुद्द्यांवरून छोटी छोटी इंग्रजी वाक्यं, कर्ता आणि क्रियापद जवळजवळ. शाळेतल्या मुलाची वाटतील अशी वाक्यं चालतील, जोडायची नंतर.

लिहिताना इंग्रजी शब्द आठवला नाही तर मी शोधायला जात नाही. तिथे देवनागरीतच 'झिरपणं' लिहून पुढे जाते. आणि संदर्भ हवा असेल, आकडा तपासायचा असेल, तर तिथे 'ळळळ' टाइप करते. इंग्रजी फाइलमध्ये 'ळ' दुसरीकडे कुठेच येत नाही, त्यामुळे नंतर सर्चमध्ये 'ळ' टाकलं की सगळ्या राहिलेल्या जागा ओळीने सापडतात. आमच्या लॅबमध्ये आता सगळेच 'ळळळ' करतात. एका बिहारच्या मित्राला तर आम्ही त्यासाठी कीबोर्डवर ळ कुठे असतो ते शिकवलं.

एक वही वाक्यांच्या सांध्यांचीही ठेवा: 'वन पॉसिबल एक्सप्लनेशन इज', 'इन कॉन्ट्रास्ट टू', 'दिस इज कन्सिस्टंट विथ' अशी. हे सांधे सगळ्यांचेच असतात, ते घेतले तर चोरी होत नाही. पण दुसऱ्याचं अख्खं वाक्य, त्यातल्या निष्कर्षासकट, उचलून दोन शब्द बदलायचे, हे नको. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्या चढत जातात आणि ६० टक्क्यांच्या वर असेल तर नोंदणी रद्द होण्यापर्यंत जाते. मात्र १० टक्क्यांत बसलं म्हणजे प्रामाणिक झालं असंही समजू नका.

एआयबद्दल विचाराल, म्हणून सांगते. मी माझं लिहून झालेलं इंग्रजी व्याकरणासाठी तपासून घेते आणि जर्नल सांगत असेल तसं तिथे नमूद करते. संदर्भ मात्र कधीच मागत नाही. एकदा मागितले होते. लेखकांची नावं ओळखीची, जर्नल खरं, साल बरोबर वाटावं असं, आणि तो पेपर अस्तित्वातच नाही. शोधण्यात गेलेली दुपार हिशोबात धरली तर वेग वाढला की कमी झाला? झोटेरो फुकट आहे, पहिल्या दिवसापासून त्यात वाचलेले पेपर टाकत चला. संदर्भसूची हाताने टाइप करणारी माणसं मी अजूनही बघते आणि माझा जीव तुटतो.

रोज थोडं, की एकदम बसून?

यावर मानसशास्त्रज्ञ पॉल सिल्व्हिया यांचं 'हाऊ टू राइट अ लॉट' हे २००७ चं छोटंसं पुस्तक आहे. वेळ मिळत नाही, मूड नाही, अजून थोडं वाचलं पाहिजे, या सबबी ते एकेक करून काढून घेतात आणि म्हणतात की लेक्चरसारखी लिखाणाची वेळ वेळापत्रकात टाका. त्यांच्या आधी रॉबर्ट बॉइस यांनीही प्राध्यापकांच्या लिखाणाचा अभ्यास करून हेच मांडलं होतं: रोज थोडं लिहिणारे, एकदम झपाटून लिहिणाऱ्यांपेक्षा पुढे जातात.

मला हे निम्मं पटतं. होस्टेलवर असते तेव्हा सकाळी मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडायच्या आधी पंचेचाळीस मिनिटं मी लिहिते आणि त्यात खरंच पान-अर्धं पान होतं. पण फील्डवर सकाळी सहाला निघून रात्री आठला परत आल्यावर कुणी मला वेळापत्रक दाखवलं तर मी त्याला नमुन्याची बाटली फेकून मारेन. त्या दिवसांत फक्त पद्धतीच्या दहा ओळी. ज्यांना घरी लहान मूल आहे किंवा जे ज्युनिअर कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवून पीएच.डी. करतायत त्यांनी पंचेचाळीसचे वीस करावेत. आकडा महत्त्वाचा नाही. उठताना पुढचं वाक्य काय असणार याची एक ओळ लिहून ठेवा, म्हणजे उद्या पहिल्या ओळीपासून वाचत बसायची गरज पडत नाही. हेमिंग्वेही पुढे काय घडणार हे माहीत असतानाच थांबायचा म्हणे, आणि त्याला तर रिव्ह्यूअर नंबर दोन नव्हता.

कच्चा मसुदा कच्चा राहू द्यायला मात्र धीर लागतो. इथे मला डार्विन आठवतो. त्याने आपल्या सिद्धांताचं पस्तीस पानी टिपण १८४२ मध्ये केलं होतं, १८४४ मध्ये मोठा निबंध लिहिला, आणि १८५६ पासून तो एक अवाढव्य ग्रंथ लिहीत बसला होता, सगळ्या पुराव्यांसकट. जून १८५८ मध्ये वॉलेसचं पत्र आलं आणि कळलं की हाच विचार दुसऱ्याकडेही आहे. मग त्याने तो ग्रंथ बाजूला ठेवला आणि एक 'सारांश' लिहायला घेतला. साधारण तेरा महिन्यांत तो तयार झाला आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' बाजारात आलं. प्रस्तावनेत तो स्पष्ट म्हणतो की हा सारांश अपुरा आहे, सगळे संदर्भ इथे देता येत नाहीत. तेरा महिने म्हणजे जलदच, पण आधीची सोळा वर्षं विसरू नका. ठरवण्याचं काम झालेलं होतं. आणि 'पूर्ण' लिहायचा हट्ट सोडल्यावर हात मोकळा झाला. मी माझ्या मसुद्याच्या फाइलला आता 'सारांश' असंच नाव देते. 'फायनल' हे नाव बंद.

जिथे वेग नको

माझा तिसरा पेपर याहूनही लवकर गेला होता, पाच आठवड्यांत. आणि परत आला. पाण्याच्या विश्लेषणात धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का ते तपासतात. फरक साधारण पाच टक्क्यांच्या आत असावा, नाहीतर मोजमापात कुठेतरी गडबड आहे असं धरतात. मी ती तपासणी केली होती, पण शेवटच्या घाईत दोन नमुन्यांचे जुने, चुकीचे आकडे तक्त्यात राहिले. रिव्ह्यूअरने कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली. दोन चुका सापडल्यावर त्याने बाकीच्या आकड्यांवर का विश्वास ठेवावा? पेपर नाकारला गेला, मॅडम काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त लागलं. तो पेपर दुसरीकडे छापून यायला आणखी वर्ष गेलं.

तेव्हापासून मसुदा झाला की एक पूर्ण आठवडा मी फक्त आकड्यांना देते. मूळ वही, एक्सेल आणि पेपरातला तक्ता, तिन्ही समोर. एक जण वाचतो, दुसरा टिक करतो. चौथ्या पेपरच्या सात आठवड्यांत हा आठवडा धरलेला आहे. सहलेखकांना वाचायला दिलेले दहा दिवसही धरलेत. जर्नलकडे गेल्यावरचे महिने धरलेले नाहीत, ते आपल्या हातात नसतात. आणि कुणी 'तीन दिवसांत छापून देतो, अमुक हजार भरा' असा मेल पाठवला तर तो वेग आपल्या कामाचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या ज्युनिअरला मी दुसऱ्या दिवशी खरं उत्तर दिलं: अकरा महिने, मग सात आठवडे, आणि मधली सगळी हकिकत. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी आता काय करू?" त्याच्याकडे अजून डेटा नाही, पहिली फील्ड ट्रिप पुढच्या महिन्यात आहे. मी त्याला वहीचं एक पान फाडून दिलं आणि म्हटलं, तुझ्या पेपरचं वाक्य लिही, चुकीचं असलं तरी. त्याने लिहिलं, 'अमुक नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास.' आम्ही दोघं हसलो. चौथ्या प्रयत्नात त्यात 'कारण' हा शब्द आला. ते पान त्याने टेबलासमोर चिकटवलंय. माझ्या पाचव्या पेपरच्या 'सारांश'मध्ये आत्ता एकतीस ठिकाणी ळळळ आहे, तेव्हा मी निघते.